गाडग्यातलं खमीर

"...पण बाबा, या गावाचं मूळ नेमकं किती जुनं?"

लिआन्द्रोस गावच्या धर्मगुरूंना पुन्हा तेच विचारत होता. ग्रीसच्या डोंगरातल्या मावरोलिथी नावाच्या चिमुकल्या गावात तो जन्मला आणि शहरात जाऊन प्राचीन इतिहासाचा पंडित झाला. आई गेली, घर पडलं. आता इथं आपलं म्हणावं असं काही उरलंय का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पण असं सरळ विचारणं पंडिताला कसं शोभावं? म्हणून तो सकाळपासून चर्चच्या भिंतीतले दगड तपासत होता. दुपारच्या बसने परतायचं होतं.

"हा दगड रोमनांच्याही आधीचा. त्याआधी इथं कोण होतं?"



गावचे म्हातारे धर्मगुरू पापा आन्थिमोस यांनी फुगलेल्या पिठाची परात त्याच्यापुढे सरकवली. "माझे हात दुखतात. पाव तू भाज." आणि ते प्रार्थनेला निघून गेले.

लहानपणी आईशेजारी बसून करायचा तसे त्याने झोकात पाव थापले, सगळे भट्टीत सारले. वास सुटला तसा तो भट्टीच्या तोंडाशी जाऊन बसला.

पापा परतले. त्यांनी रिकामी परात पाहिली.

"खमीर...?"

लिआन्द्रोसचा चेहरा उतरला. आपण विरजण ठेवतो तसं या गावात भाजण्याआधी मूठभर आंबलेलं पीठ बाजूला काढतात. त्यावरच पुढचं पीठ फुगतं. विकतचं खमीर इथं कुणी घरात आणत नाही. आईने किती वेळा बजावलेलं, तो साफ विसरला होता.

"कल्लिरोईकडून मागून आण."

शेजारच्या कल्लिरोई आजीने गाडगं पुढे केलं. लाजू नकोस म्हणाली. तिचंही एकदा नासलं होतं, तेव्हा त्याच्या आईनेच दिलं होतं. आईला तिच्या सासूने दिलेलं. सासूला कुणी दिलं, ते देवालाच ठाऊक.

तो गाडगं छातीशी धरून परतला. आईच्या हातांना यायचा तोच आंबूस वास होता. त्याला रडू आवरेना.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "हे किती जुनं असेल?"

पापांनी भट्टीतला पाव काढून मोडला. अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

"गरम आहे तोवर खा... आणि उद्या भाजण्याआधी मूठभर बाजूला काढ."