भरिताचा धूर आणि सोन्याची परात

एका राज्यात चुली होत्या पण धूर नव्हता, शेतं होती पण पेरा नव्हता, आणि तरीही उपाशी कुणी नव्हतं. असं कसं? तर राजा वज्रसेनाजवळ होती सोन्याची परात, घोरपाद मांत्रिकानं नजराणा म्हणून दिलेली. माघात आंबा मागा, आंबा हजर. वैशाखात हुरडा मागा, वाफाळता हुरडा हजर. लोक हरखून गेले. नांगर माळ्यावर टाकले, बियाणं चिमण्यांना उधळलं.

पण परात शापित होती. तिच्यातलं खाता खाता साऱ्यांच्या जिभेची चव गेली. पुरणपोळी काय नि भुसा काय, एकच. आणि परातीचा धनी तो राजा, त्याचे पाय सोन्याचे व्हायला लागले. आधी घोटे, मग गुडघे. सोनं कंठाच्या वर चढलं की राजा संपला.

राजाची लेक सुरंगी धावत आमराईत गेली. तिथं बोलणारा भारद्वाज पक्षी राहत असे.

"पक्षिराज, माझा पिता कसा वाचेल?"

"परात फुटली तर. पण जो देतो, तोच ती फोडू शकतो. दुसऱ्याच्या घणानं तिला ओरखडासुद्धा जायचा नाही."

"मांत्रिक कशाला फोडेल?"

"जीभ त्यालाही आहे, राजकन्ये. तीन कामं कर. राक्षसिणीच्या जटेतून बियाणं आण. काळ्या सुळक्याला मांत्रिकानं ढग बांधलाय, तो सोड. आणि पीक आल्यावर चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला हात लावू नकोस. तिसरं काम अवघड आहे."

"तिसरं? ते तर सगळ्यांत सोपं!"

भारद्वाज नुसता हसला.

सुरंगी निघाली. राक्षसीण गुहेच्या तोंडाशी जटा पसरून बसली होती.

"विंचर. केस ओढलास तर गिळीन."

सुरंगीनं तेल लावून, गुंता बोटांनी सोडवत, हलक्या हातानं जटा विंचरली. फणीतून वांग्याचं बी पडलं, बाजरी पडली, मिरची पडली, कांद्याचं बी पडलं. राक्षसीण तोवर घोरायलाही लागली होती.

मग काळा सुळका. ढग तिथं म्हशीसारखा दाव्याला बांधलेला. सुरंगीनं दावं सोडलं. ढगानं अंग झाडलं, गडगडला नि विचारलं, "आता कुठं?"

"माझ्यामागं ये."

आणि आला की! वासरासारखा पाठोपाठ आला.

राजकन्येनं पदर खोचून नांगर धरलेला पाहिला, तशी धुरपदा माळीण ओरडली, "बायांनो, राजाची लेक चिखलात, आणि आपल्या हातांना काय मेंदी लागलीय?" झालं! माळ्यावरचे नांगर उतरले, घराघरांतून खुरपी निघाली. शिवार हिरवं झालं. बाजरी कणसाला आली, कांद्याची पात फुटली, वांगी लटकली, जांभळी, तुकतुकीत, काटेरी देठाची.

पण त्या राज्यात रीत होती. चातुर्मासात वांगं खायचं नाही. चंपाषष्ठीला पहिलं भरीत-रोडगा मल्हारीला, मग एकाच पंगतीत साऱ्या गावाला. इकडं वांगी झाडावर, तिकडं सोनं राजाच्या छातीवर.

राजा म्हणाला, "सुरंगे, पीक आलंय. एक वांगं तोड. मला वाचव."

सुरंगी वांग्याकडं वळली. हात झाडापर्यंत गेला, आणि मागं आला.

"बाबा, आजचं वांगं अवेळी, आणि तुमच्या एकट्याचं होईल. परातीत तरी दुसरं काय होतं?"

राजानं डोळे मिटले. सोनं कंठाला भिडलं.

आणि उजाडली चंपाषष्ठी! घरटी एक टोपली वांगी आली. राजवाड्याच्या चौकात गोवऱ्यांची आगटी पेटली. वांगी तडतडली, साली करपल्या, बाया खरपूस रोडगे उलटू लागल्या, कुणी पात चिरली, कुणी मिरची ठेचली. धूर उठला तो थेट ढगात. आणि त्या धुरामागं, नाक वर करून, आकाशातून घोरपाद उतरला.

"कसला वास हा?"

"वांग्याच्या भरिताचा, मांत्रिका," सुरंगी म्हणाली.

"मला दे."

"परात फोड."

"मोत्यांनी ओंजळ भरतो."

"परात फोड."

"सगळ्यांना भस्म करीन!"

"कर. भरीतही भस्म होईल."

"आणि बस मग राख चाटत, मेल्या!" धुरपदानं पुरवणी जोडली.

मांत्रिक थबकला. कित्येक युगांनी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. त्यानं आवंढा गिळला, राजाशेजारची परात उचलली आणि दगडावर आपटली. खळ्ळ! ठिकऱ्या उडाल्या. राजाच्या अंगावरचं सोनं मेणासारखं वितळून ओघळलं.

मांत्रिक भरिताकडं झेपावला. सुरंगीनं पळी आडवी धरली.

"आधी नैवेद्य. मग पंगत. तुमचं पान शेवटाला."

आणि तो जादूगार, राजेसुद्धा ज्याला थरथर कापत, तो गुमान मांडी घालून शेवटाला बसला.

नैवेद्य झाला. पानं वाढली. पण देह सुटला म्हणून जीभ सुटली का? साऱ्यांची नजर राजावर. त्यानं रोडग्याचा तुकडा मोडला, भरिताला लावला, तोंडात घातला. चावला. कपाळाला आठी पडली.

"काय झालं, बाबा?" सुरंगी पुढं झुकली.

राजा म्हणाला, "मीठ कमी आहे."

चौकात असा जल्लोष उठला की ढग दचकून बाजूला सरला. मीठ कमी! राजाला मीठ कमी लागलं! म्हातारे रडले, पोरं नाचली, भंडारा उधळला, आणि मिठाचं भांडं हातोहात पंगतीतून फिरलं.

मांत्रिकानं शेवटाला बसून दोनदा मागून घेतलं. राज्यात ऋतू आपापल्या पाळीनं आले. त्यांच्या पानात जे ज्या वेळी पिकलं ते पडलं, तसं ते तुमच्याही पानात पडो.