वेशीबाहेरचा सुभानराव

अहो पाव्हणं, पाठीमागनं काय फोटो काढताय? पुढनं बघा की! हा आमचा सुभानराव पाटील. रस्त्याकडं पाठ आणि वेशीच्या दाराकडं तोंड करून उभा. मी इथल्या मारुतीचा गुरव, आमच्या आज्यानं सांगितलं तसं सांगतो.

फार मागं पेंढारी आले म्हणे. सुभानरावानं वेशीचं दार लावलं, अडसर घातला आणि स्वतः पाठ लावून उभा राहिला. गोजरा नावाची कैकाडीण तेव्हा टोपल्या विकायला गावात आली होती. तिची पालं वेशीबाहेर, अन् लेक चिमी तिथंच. पोर धावत आली, दारावर थापा मारायला लागली. गोजरानं पाटलाचे पाय धरले. तो म्हणाला, "एका पोरीपायी सगळं गाव कापून घेऊ का?" अन् दार काही उघडलं नाही.

थापा थांबल्या तेव्हा गोजरा दाराला कान लावून बसली होती, असं सांगतात.

गाव वाचलं, हे खोटं नाही. पाटील गेल्यावर लोकांनी वेशीच्या आत त्याचा हा दगडी पुतळा बसवला, हार घातले. गोजराला दर बाजाराला त्याच्यासमोरनं जावं लागायचं. शेवटी तिनं पंचांपुढं पदर पसरला, "एवढा इथनं हलवा."

झालं! गावात उभी फूट पडली. कोणी म्हणे, त्याच्यामुळं आपण जिवंत आहोत. कोणी म्हणे, चिमी काय गावाची नव्हती? भाऊ भावाच्या पंगतीला बसेना. शेवटी चार तरणी पोरं घण घेऊन आली, तर म्हातारी झालेली गोजराच आडवी आली.

"फोडू नका रं. बाहेर उभा करा, दाराकडं तोंड करून. माझी पोर उभी होती तिथंच."

तसं केलं. लोकांना वाटलं, बाईचा जीव आता थंड होईल. कसला थंड होतोय! पुतळा हलला, चिमी थोडीच परत आली? गोजरा रोज तिन्हीसांजेला वेशीत यायची, बाहेर बघून हाक मारायची, अन् मगच दार लावू द्यायची. मरेपर्यंत.

वेशीची दारं कधीच कुजून गेली. पण आजही आमच्या गावातली कुठलीही बाई घराची कडी लावायच्या आधी उंबऱ्यात उभी राहते आणि अंधाराकडं बघून विचारते, "कोण राहिलंय का गं बाहेर?"

मग जरा वेळ थांबते.