नीलांजनाचे रांजण

पूर्वी सिंधुमुख नावाच्या बंदरनगरीत राजा अरिंजय राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका व्यापारी कुळात जन्मले. त्यांचे नाव शुभंकर. रोहण नावाच्या भागीदारासोबत ते नीलांजन हे काजळ करून विकत. ते घातले की डोळे तळ्यासारखे गहिरे दिसत. पण दोन वर्षांत नगरातल्या कित्येक मुलांची नजर अधू झाली. राजवैद्याने दोष काजळाचा ठरवला आणि राजाने त्यावर बंदी घातली. उरलेले रांजण वखारीत पडून राहिले.

पावसाळा सरल्यावर रोहण म्हणाला, "मणिद्वीपाची माणसं गरीब आहेत. तिथे ना वैद्य, ना बंदी. माल तिकडे उतरवू. आपण कुठलाच नियम मोडत नाही."

शुभंकरांचे सारे धन त्या रांजणांत अडकले होते. त्यांनी रांजण गलबतात चढवले आणि स्वतःही निघाले.

सहा दिवस समुद्र दुधासारखा पांढरा आणि निश्चल होता. पाणी कुठे संपते, आभाळ कुठे सुरू होते, कळेना. शुभंकरांना वाटे, आपण कुणाच्या तरी मिटल्या पापणीआड तरंगत आहोत.

सातव्या दिवशी धुक्यातून बेट वर आले. किनाऱ्यावर मासे सुकवणारी कोयली त्यांना पाहून हसली. "शेटजी, मागच्या खेपेच्या तुमच्या सुया अजून गंजल्या नाहीत," ती म्हणाली. काजळ पाहताच तिने लेकीला पुढे केले. "पहिलं बोट तुम्हीच लावा."

मुलीने तोंड वर केले. तिचे डोळे टक्क उघडे होते. शुभंकरांचे बोट काजळात बुडाले होते.

"यानं लांबचं दिसतं का?" तिने विचारले.

शुभंकरांनी बोट आपल्या उपरण्याला पुसले. "नाही, बाळ. यानं जवळचंही दिसेनासं होतं."

मग त्यांनी सगळे सांगितले. कोयलीने लेकीला मागे ओढले. "मग आणलंत कशाला?"

शुभंकर रांजणाचे तोंड पुन्हा बांधू लागले.

"निदान समुद्रात तरी ओतू," रोहण पुटपुटला.

"याच पाण्यातले मासे ही माणसं खातात," शुभंकर म्हणाले.

रांजण परत आले. नगराबाहेरच्या कातळात खोल खड्डा खणून शुभंकरांनी ते पुरले. गलबत विकून आलेले धन नजर अधू झालेल्या मुलांच्या घरी दिले आणि स्वतः दुसऱ्याच्या गलबतावर चाकरी धरली. पुढे ते सुया घेऊन पुन्हा मणिद्वीपाला गेले. कोयलीने प्रत्येक सुई उन्हात धरून पाहिली, मगच घेतली. तिचे पाहून होईपर्यंत शुभंकर शांतपणे उभे राहिले.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा रोहण म्हणजे आज इथे बसलेला भिक्खू उत्तरक. कोयली ही आजची भिक्खुणी चित्रिका आणि शुभंकर मीच होतो. परक्या किनाऱ्यावरचे लेकरू आपलेच मानणे, ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता. ती मी त्या जन्मी उशिरा शिकलो, पण शिकलो."