गोरिलाचं मागचं दार

गुळवणी आर्किटेक्टच्या हातून न गळणारी इमारत काही झाली नव्हती. स्वतःच्या घरीसुद्धा तो ताटाशेजारी बादली ठेवून जेवायचा. तरी प्राणिसंग्रहालयात येणाऱ्या गोरिलाचं घर बांधायचं काम त्यालाच मिळालं.

नकाशा बघून नगराध्यक्ष ढमढेरे कडाडले, "गोरिलाला लपायला आडोसा? शिवाय मागे दार? लोकांनी काय भिंत बघायची? चारी बाजूंनी काच लावा!"

"साहेब, लोक सारखे टक लावून बघत राहिले की तो बिथरतो, जेवत नाही."

"हे तुमच्या सुपीक डोक्यातलं वाटतं?"

"छे! माझ्या डोक्यातलं असतं तर गळलं असतं. हा तुमच्याच केबिनचा नकाशा आहे. ते मागचं दार मीच काढून दिलं होतं. मोर्चा आला की तुम्ही तिथून निघता, म्हणून तर तुमची तब्येत उत्तम आहे."

ढमढेरे काही बोलणार, तोच बाहेर रिकामे हंडे वाजू लागले. पाण्यासाठी बायकांचा मोर्चा आला होता. साहेबांनी घाईघाईने नकाशावर सही केली आणि मागचं दार गाठलं.

त्यांच्या पाठोपाठ गुळवणीही सटकला. मोर्चातल्या निम्म्या बायका त्याने बांधलेल्या घरांत राहत होत्या, आणि नळाला न येणारं पाणी त्यांच्या छतातून भरपूर येत होतं.