थेरॉनने मागितलेली मदत

देव डोंगरमाथ्यावर राहतात असे लोक मानत, त्या फार जुन्या काळी ग्रीस देशात कुंभारांचे एक गाव होते. गावाजवळच्या घाटात एक सिंह येऊन राहिला. त्याने तीन माणसे मारली. मग गावाने थेरॉनला बोलावणे धाडले. तरुणपणी त्याने एकट्याने कितीतरी सिंह मारले होते.

थेरॉन आला. लोकांनी त्याला जैतुनाच्या पानांचा मुकुट घातला.

"उद्या सकाळी निघणार ना?" गावप्रमुखाने विचारले.

थेरॉनने घाटाकडे पाहिले. बकरी कोणती आणि खडक कोणता, हे त्याला ओळखता येईना. हो म्हणावे आणि लढता लढता मरावे, म्हणजे नाव तरी राहील, असे क्षणभर त्याच्या मनात आले. पण थेरॉन हरला म्हटल्यावर हे लोक पुन्हा काठीसुद्धा उचलणार नाहीत, हेही त्याला कळत होते.

तो म्हणाला, "माझी नजर अधू झाली आहे. हे काम माझ्या एकट्याच्याने होणार नाही."

कोणीतरी हसले. प्रमुखाचा चेहरा उतरला. "मग तुम्हाला बोलावून काय उपयोग?"

"सिंहाच्या सवयी मला ठाऊक आहेत. घाट तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याबरोबर चला."

मग मेलिता नावाची कुंभारीण उठली. तिचा नवरा त्या सिंहानेच मारला होता. "मी येते," ती म्हणाली. "तिथला दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे." तिच्या मागोमाग एकेक जण उठला.

सकाळी चाळीस माणसे भाले घेऊन, खांद्याला खांदा लावून घाट चढली. "रांग मोडू नका," थेरॉन सांगत होता. "जो एकटा पळतो, त्याच्यावर सिंह धावतो."

"डावीकडे, खडकामागे," मेलिता हळूच म्हणाली.

सिंहाने झेप घेतली. सगळ्यांनी भाले पुढे रोखले; रांग मोडली नाही. चाळीस भाल्यांपुढे सिंहाचे काही चालले नाही; तो तिथेच मरून पडला.

पुढे थेरॉन वारला. काही वर्षांनी गावाच्या द्राक्षमळ्यांत एक रानडुक्कर शिरले. तेव्हा कोणत्याही वीराकडे निरोप गेला नाही. मेलिताने दारोदार हाक दिली आणि गाव रांग धरून उभे राहिले.

बोध: आपली उणीव मोकळेपणाने सांगणारा वीर इतरांनाही धीट करून जातो.