आधी अंगठा

"पण वस्ताद, माझा हात चुकतो तरी कुठं?"

विश्वजीत इंगवलेनं पुन्हा तेच विचारलं.

वस्ताद मान खाली घालून भोकं पाडायच्या मशीनचं पातं पुसत होते. त्यांनी पुसणं थांबवलं नाही.

आता कोल्हापुरात वस्ताद म्हटलं की माणसाला तालीम आठवते, लाल माती आठवते. युनूस मुजावरांनी मात्र जन्मात कधी लंगोट लावला नव्हता. ते बोलिंग शिकवायचे. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड बॉल सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडायच्या, हा तो खेळ. बहारीनच्या एका क्लबात उमेदीची वर्षं हेच करून माणूस गावी परतला, हॉलमध्ये पोरांना शिकवू लागला, आणि शिकवतो तो वस्ताद, हे आपल्याकडं ठरलेलंच आहे. गावानं एकदा नाव ठेवलं की ते पुसायची सोय नसते.

हॉलच्या मागं त्यांची लहानशी खोली होती. तिथं ते बॉलला भोकं पाडून द्यायचे. दोन बोटांची दोन आणि अंगठ्याचं एक. ही भोकं ज्याच्या त्याच्या हाताच्या मापाची लागतात, चपलेसारखं दुसऱ्याचं घालून भागत नाही. त्यासाठी सांगली-इचलकरंजीपासून लोक मुजावरांकडं यायचे.

यायचे, असं म्हणायचं. अलीकडं कमी झाले होते.

"पुढच्या महिन्यात संघाची निवड आहे, वस्ताद. काहीतरी सांगा की."

वस्तादांनी फडकं बाजूला ठेवलं.

"हात दे."

विश्वजीतनं पंजा पालथा पुढं केला.

"तसा न्हाई. पाव्हण्याच्या हातात हात देतोस तसा. बाजूनं... हां. आता माझं मनगट धर."

त्यानं धरलं.

"सोड."

त्यानं सोडलं.

"आधी काय सुटलं?"

"बोटं."

"आणि अंगठा?"

विश्वजीत आपल्याच हाताकडं बघत राहिला. अंगठा अजून वस्तादांच्या मनगटाला चिकटून होता.

"अंगठा राहिला," तो म्हणाला.

"आधी अंगठा सुटतो, बाळा. बोटं त्याच्या मागनं. जाता जाता बोटांनी बॉलला जरा फिरवायचं, बास, एवढंच काम. अंगठा मागं राहिला की मग माणूस बॉल टाकत न्हाई. बॉल माणसाला ओढून नेतो."

हे विश्वजीतला नवीन नव्हतं. पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं त्याला हे. पण मनात आशा होती की वस्ताद आज हाताची एखादी नवी चूक दाखवतील, मनगट वाकतं म्हणतील, खांदा पडतो म्हणतील, आणि मग पुण्याचं काही बोलायला लागणार नाही.

पुण्याचं काय, ते सांगायला हवं.

राज्य स्पर्धेची फायनल पुण्यात होती. विश्वजीत म्हणजे शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्या इंगवल्यांचा एकुलता एक. खेळायचा झकास आणि स्वतःला समजायचा त्याहून झकास. वस्तादांनी त्याचा बॉल मापून दिला होता. अख्खी दुपार त्याचा हात मांडीवर घेऊन बसले होते, एकेक बोट दाबून बघत. अंगठ्याच्या भोकात त्यांनी पातळ टेपच्या दोन पट्ट्या लावल्या आणि निघताना सांगितलं, "सकाळी अंगठा बारीक असतो. खेळून खेळून फुगतो. दुपारनंतर एक पट्टी काढून टाक. इसरू नको."

विश्वजीत विसरला नव्हता. तेच तर.

शेवटच्या बॉलला त्याला जिंकायला थोड्याच पिना हव्या होत्या. अंगठा फुगला होता, तेही त्याला कळत होतं. पण समोर पुण्याची पोरं उभी, मागं खुर्च्यांवर माणसं, आणि त्यांच्यादेखत भोकात बोट घालून टेप खरवडत बसायचं? शिकाऊ पोरासारखं? त्याला लाज वाटली. माणसाला लाज वाटते ती नको तिथं, आणि वाटायला हवी तिथं तो छाती काढून उभा राहतो.

बॉल अंगठ्याला अडकला. सुटला तेव्हा उशीर झाला होता. धप्पकन पट्टीवर आपटला आणि डुगडुगत कडेच्या पन्हळीत गेला. एकही पिन हलली नाही. कुणीतरी हसलं.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण विश्वजीतला शाळेत असल्यापासून पाठ होती. तरी वळून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "भोकच बारीक पाडलंय. आमच्या वस्तादांचं वय झालं आता. दिसत नाही त्यांना."

जिभेला हाड नसतं. विश्वजीत कोल्हापूरला पोचायच्या आत ते वाक्य पोचलं होतं.

वस्तादांनी मात्र त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. आल्या आल्या 'जेवलास का' एवढंच विचारलं होतं. शिव्या घातल्या असत्या तर विश्वजीतला बरं वाटलं असतं.

"बॉल आणलायस नव्हं?" वस्तादांनी विचारलं.

"आणलाय..."

तेवढ्यात दारात बिरनाळे डॉक्टर आले. सांगलीचे. त्यांनी मुलीचा नवा बॉल भोकं पाडायला आणून दिला होता.

"या, डॉक्टर. उद्या बसणारच हुतो तुमच्या बॉलला. पोरीला आणलंय का? माप घिऊन टाकू."

डॉक्टर दारातच घुटमळले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मुजावर, ते... राहू द्या. हात लावला नसेल तर तसाच द्या. मुलगी म्हणते, पुण्यात कुणी आहे म्हणे. तिच्या मैत्रिणीही तिकडंच देतात. मी म्हटलं, तुझी मर्जी."

"बरं की," वस्ताद म्हणाले.

फळीवरचा निळा बॉल त्यांनी उतरवला. त्याच्यावर धूळ नव्हती, तरी पुसला. पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली आणि दोन्ही हातांनी डॉक्टरांना दिला.

"चहा टाकतो."

"नको, नको. खाली हॉटेलात घेतो, मंडळी थांबलीत तिथं."

वस्तादांच्या खोलीतून चहा न घेता गेलेला माणूस विश्वजीतनं पाहिला नव्हता. वस्तादांनी स्टोव्हवर ठेवलेलं भांडं परत खाली उतरवलं.

जाता जाता डॉक्टरांचं लक्ष कोपऱ्यात सरकलेल्या विश्वजीतकडं गेलं.

"तुम्ही इंगवले ना? अरेरे. पुण्यात फार वाईट झालं हो तुमच्याबरोबर. एवढी मेहनत करायची आणि ऐन वेळेला असं..."

डॉक्टर मनापासून हळहळत होते.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. विश्वजीतला त्या क्षणी ते पटलं. पण फरशी होती तशीच घट्ट होती. बोलायला जागा होती, वेळ होता, समोर माणूस होता. त्याचं तोंड उघडलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते त्याचं त्यालाच ऐकवेना.

"हो ना," तो म्हणाला.

डॉक्टर गेले.

पलीकडं हॉलमध्ये कुणाच्या तरी पिना पडल्या, टाळ्या झाल्या...

"आण तुझा बॉल."

विश्वजीतनं पिशवीतून बॉल काढून टेबलावर ठेवला. वस्तादांनी चष्मा लावला नाही. भोकात बोट घातलं आणि हळूहळू फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

दोन्ही पट्ट्या जिथल्या तिथं होत्या.

विश्वजीतच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तो वस्तादांच्या चेहऱ्याकडं बघत होता. चेहऱ्यावर राग आला नाही, हसू आलं नाही, काहीच आलं नाही. बोट बाहेर आलं.

"बुजवूया," वस्ताद म्हणाले.

"काय?"

"भोक. बारीक पडलंय नव्हं? बुजवायचं, वाळू द्यायचं, वरनं नवीन पाडायचं. चांगलं मोकळं पाडतो."

त्यांनी फळीवरून डबा काढला. कागदी पेल्यात घट्ट रसायन ओतलं, त्यात दुसऱ्या बाटलीतलं घातलं आणि काडीनं ढवळायला लागले. खोलीत उग्र वास पसरला.

"पण वस्ताद, मोकळं पाडलं तर..."

"तर काय?"

तर बॉल हातात डुगडुगेल, सकाळी तर निसटूनच जाईल. हे दोघांनाही माहीत होतं.

"लोकांना बी कळंल," वस्ताद ढवळत म्हणाले, "मुजावरनं चूक केलती, मुजावरनं निस्तरली. तुझा शब्द बी खाली पडायला नको."

हे त्यांनी टोमणा मारल्यासारखं म्हटलं असतं तर सोपं होतं. ते खरंच तसं करायला निघाले होते. एका दुपारचं आपलं काम, हयातीतलं कदाचित सगळ्यात नेमकं काम, एका पोराच्या थापेला मापात बसवण्यासाठी बुजवायला निघाले होते. आपण केवढं केलं हे विश्वजीतला पुण्यात कळलं नव्हतं, रस्त्यात कळलं नव्हतं, डॉक्टरांसमोरही अर्धंच कळलं होतं.

वस्तादांनी पेला उचलला. भोकावर तिरका केला. रसायनाची तार पेल्याच्या काठापर्यंत आली.

"थांबा."

पेला तसाच राहिला.

"वस्ताद... भोक बरोबर होतं."

"हं."

"पट्टी मी काढली नाही. तुम्ही सांगितलं होतं. माझ्या लक्षातही होतं. लोक बघतील म्हणून नाही काढली. आणि वर तुमचं नाव घेतलं. खोटं बोललो मी, वस्ताद."

बोलताना त्याचा आवाज चिरकला. मग तो खाली वाकला आणि त्यानं वस्तादांचे पाय धरले. डोळे भरून आले, नाक वाहायला लागलं. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटायला लागलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. झालं एकदाचं, संपलं, असंही वाटलं. वस्तादांचा हात आता पाठीवर पडेल म्हणून तो तसाच वाकून राहिला.

हात पडला नाही.

वस्तादांनी पाय मागं घेतले. आधी एक, मग दुसरा. पेला टेबलावर ठेवला.

विश्वजीतनं वर पाहिलं.

"मला कशाला सांगतोस?" वस्ताद म्हणाले. "डॉक्टर खाली चहा पितायत."