चिखलाखालचे कान

एका जंगलात करवंदीच्या जाळीखाली एक सशीण राहत असे. तिला तीन पिल्लं होती आणि एक खोड होती : चार जणांनी केल्याशिवाय ती काही म्हणून करायची नाही. त्या साली जंगलात खोकल्याची साथ आली. आज हरणाचं पाडस गेलं, उद्या रानडुकराचं पिल्लू, असं रोज चाललं होतं. एका म्हाताऱ्या साळिंदराला मात्र उपाय ठाऊक होता. वेलीच्या चिकात आपला काटा बुडवून ते कानाला टोचायचं. एक दिवस ताप यायचा, कानावर बारीक गाठ राहायची, पण मग खोकला वाटेला जात नसे. आता एवढं सोपं होतं, तर अडलं कुठे? ऐका, मुलांनो.

सशीण पाणवठ्यावर गेली. तिथे मुंगूस आणि खार बसले होते. माश्या फार झाल्यात म्हणून दोघांनी कानांना चिखल थापला होता.

"मुंगूसभाऊ, टोचून घेतलंत का हो?" तिने विचारलं.

"मी? नागाशी झुंजणारा मी खोकल्याला भिऊ?" मुंगूस फिसकन हसलं.

"अगं बाई, कान गळून पडतो म्हणे," खार म्हणाली. "आणि तुम्हा सशांचे कान सोडले तर उरतं काय?"

सगळा पाणवठा खिदळला. सशीण ओशाळली. कुणीच घेत नाही, मग मीच कशाला शहाणी? ती आली तशी परत गेली.

चौथ्या दिवशी तिचं धाकटं पिल्लू खोकू लागलं. तिघांना घेऊन ती धापा टाकत साळिंदराकडे पोचली. "आजोबा, आधी याला टोचा!"

"बाई, हा काटा दुखण्याच्या आधीचा. आलेलं दुखणं याने जात नाही," साळिंदर म्हणालं. "त्या दोघांना पुढे कर. तूही बस."

टोचून घेताना तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे वापरलेल्या काट्यांचा हा ढीग पडला होता. "हे कुणाचे?"

"तो मुंगसाचा, पहिल्याच दिवशीचा. तो खारीचा, मागच्या वाटेने आली होती. अर्धं जंगल टोचून गेलंय. जो तो म्हणतो, आजोबा, बोलू नका कुठे, लोक हसतील."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू इथे येऊन विचारलंस कधी?"

धाकटं तिसऱ्या दिवशी गेलं.

सशीण पाणवठ्यावर आली. तिने मागच्या पायांनी पाणी उडवलं, थेट मुंगसाच्या आणि खारीच्या तोंडावर. चिखल ओघळला. दोघांच्याही कानावर गाठ होती. सगळ्या पाणवठ्याने ती पाहिली.

"कान शाबूत आहेत की तुमचे," सशीण म्हणाली. "गळून पडलं ते माझं पोर."

दुसऱ्या दिवशी साळिंदराच्या दारात रांग लागली, पुढच्या वाटेने, भर उन्हात. रांगेच्या तोंडाशी मुंगूस उभं होतं, धुतलेला कान येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. आठवडाभरात साळिंदराच्या पाठीला टक्कल पडलं.

तात्पर्य : जो चार जणांची वाट बघत बसतो तो चुकतोच, पण त्या चार जणांतला असून जो हसतील म्हणून कान झाकतो, तो दुसऱ्याच्या लेकराला मारतो.